येणाऱ्याजाणाऱ्यांचा किल्ला
(प्रस्तावना)

डेन्मार्कच्या झीलंड बेटाच्या ईशान्य टोकाला हेल्सिंगॉर नावाचे बंदर आहे. त्याच्यासमोरचा समुद्र जेमतेम चार किलोमीटर रुंद. पलीकडे स्वीडनचे हेल्सिंगबोर्ग शहर, हवा स्वच्छ असली तर तिथल्या इमारती साध्या डोळ्यांना ओळखू याव्यात इतके जवळ. समुद्राच्या या चिंचोळ्या पट्ट्याला ओरेसुंड म्हणतात. बाल्टिकच्या बंदरांतून पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजांची शतकानुशतके हीच मुख्य वाट होती. या वाटेच्या सर्वांत अरुंद जागी, पाण्यात पुढे शिरलेल्या जमिनीच्या टोकावर क्रोनबोर्ग उभा आहे: खंदकाने आणि बुरुजांनी वेढलेला, हिरव्या पडलेल्या तांब्याच्या छपरांचा, उंच मनोऱ्यांचा, उत्तर युरोपातल्या प्रबोधनकालीन वास्तूंमधला एक अव्वल किल्ला. २००० साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. जगाला मात्र तो वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. शेक्सपिअरने ज्याला एल्सिनोर म्हटले ते हेच गाव, आणि हॅम्लेट ज्या दालनांत येरझारा घालतो ती याच किल्ल्यातली.

हॅम्लेटची ही ओळख इतकी दांडगी आहे की तिच्यामागे खरा किल्ला झाकून जातो. तिथे जाणारा प्रवासी तटावर भूत कुठे दिसले असेल ते शोधतो आणि ज्या पैशातून तो तट बांधला गेला त्याची चौकशी न करताच परततो. हे पुस्तक त्या चौकशीसाठी लिहिले आहे. पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे: क्रोनबोर्गमध्ये जे जे मोलाचे आहे ते बहुतेक सगळे बाहेरून आले, आणि डेन्मार्कने ते आपलेसे केले म्हणून ते डॅनिश झाले. पैसा परक्या जहाजांचा, आखणी फ्लेमिश माणसांची, चित्रपडदे विणणारा अँटवर्पचा, चौकातले कारंजे न्यूरेंबर्गचे, कीर्ती एका इंग्रज नाटककाराने दिलेली. आणि तळघरात झोपलेला राष्ट्रवीरसुद्धा मूळचा फ्रेंच काव्यातला. राष्ट्राचा वारसा म्हणून ज्या वास्तूकडे बोट दाखवले जाते, तिची जडणघडण अशी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातून झाली आहे. पुढची सारी प्रकरणे म्हणजे या एका विधानाची फोड आहे.

सुरुवात जकातीपासून करावी लागते. पंधराव्या शतकाच्या आरंभी पोमेरेनियाचा एरिक हा डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या तिन्ही राज्यांच्या एकत्र गादीवर होता. त्याने १४२० च्या दशकात हेल्सिंगॉरच्या टोकावर क्रोगेन नावाची गढी बांधली आणि सामुद्रधुनीतून जाणाऱ्या परक्या जहाजांवर जकात बसवली. तेव्हा सामुद्रधुनीचे दोन्ही काठ डॅनिश राजाच्या हाती होते, त्यामुळे चुकवायची म्हटली तरी वाट नव्हती. डॅनिश बेटांमधून जाणाऱ्या इतर दोन वाटांवरही त्याच राजाचा ताबा होता. जहाजाने हेल्सिंगॉरसमोर नांगर टाकायचा, कप्तानाने होडीतून किनाऱ्यावर येऊन जकातघरात हजर व्हायचे, पैसे मोजायचे आणि मगच शीड उभारायचे. निसटू पाहणाऱ्याचा समाचार घ्यायला गढीवर तोफा होत्या.

सुरुवातीचा हिशेब सोपा होता: जहाज लहान असो की मोठे, जहाजामागे एक ठरावीक सोन्याचे नाणे. १५६७ साली, फ्रेडरिक दुसऱ्याच्या राजवटीत, पद्धत बदलली. जहाजात माल किती भरला आहे हे पाहून जकात घेतली जाऊ लागली आणि राजाचे उत्पन्न एकदम फुगले. काही मालावर किमतीच्या प्रमाणात जकात असे आणि ती किंमत सांगायची कप्तानानेच. मग तो कमी सांगणार नाही कशावरून? यावरची तोड मोठी धूर्त होती. कप्तान जी किंमत सांगेल त्या किमतीला तो माल विकत घेण्याचा हक्क राजाने स्वतःकडे ठेवला होता. किंमत पाडून सांगावी तर माल तेवढ्यात गमवायची भीती, चढवून सांगावी तर जकात वाढणार. तपासनीसांची फौज न ठेवता व्यापाऱ्याच्या लोभाकडूनच खरे वदवून घेण्याचा हा प्रकार पाहिला की सोळाव्या शतकातल्या कारकुनी डोक्याला दाद द्यावीशी वाटते.

मराठी वाचकाला ही व्यवस्था अगदीच परकी वाटू नये. आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीज परवाने देत आणि आंग्रे दस्तके देत. दस्तकाविना सापडलेले गलबत धरले जाई. पण कोकणचा समुद्र उघडा, तिथे धाक ठेवायचा तर आरमार सतत फिरते ठेवावे लागे. ओरेसुंडमध्ये भूगोलच राजाच्या बाजूचा होता. एका जागी बसून, जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून, चारशेहून अधिक वर्षे हा व्यवहार चालला. त्याचे कागद आजही शाबूत आहेत. १४९७ पासून १८५७ पर्यंतच्या जकातीच्या वह्या कोपनहेगनच्या दप्तरखान्यात आहेत. सुरुवातीच्या काळातल्या काही वर्षांच्या वह्या गहाळ झाल्या, तरी नोंदींची संख्या अठरा लाखांच्या घरात जाते. कप्तानाचे नाव, त्याचे गाव आणि पुढेपुढे मालाचा तपशील. पोलंडचे धान्य ॲमस्टरडॅमकडे चाललेले, फ्रान्सचे मीठ आणि मद्य बाल्टिककडे, उत्तरेचे लाकूड आणि डांबर इंग्लंडच्या गोद्यांकडे. युरोपच्या व्यापाराचा इतका लांब आणि सलग हिशेब दुसरीकडे मिळणे कठीण, आणि तो ठेवला गेला तो इतिहासासाठी नव्हे, तर पैसे बुडू नयेत म्हणून.

या उत्पन्नाची एक खुबी अशी की ते राजाच्या स्वतःच्या तिजोरीत पडे. डेन्मार्कमध्ये सरदारांचे मंडळ बलवान होते, नवे कर बसवायचे तर राजाला त्यांची मनधरणी करावी लागे. जकातीला तो अडसर नव्हता. म्हणून १५७४ साली फ्रेडरिक दुसऱ्याने जुन्या क्रोगेनच्या भिंती पोटात घेऊन नवा किल्ला बांधायला काढला, तेव्हा त्याला कुणापुढे हात पसरावा लागला नाही. पैसा होता, पण अशी वास्तू उभारण्याचा अनुभव असलेली माणसे देशात फारशी नव्हती. ती दक्षिणेकडून आली. त्या दशकात नेदरलँड्समध्ये स्पेनविरुद्ध बंड पेटले होते आणि तिथले स्थपती, पाथरवट, विणकर कामाच्या शोधात बाहेर पडत होते. क्रोनबोर्गची पहिली आखणी फ्लेमिश स्थपती हान्स हेन्ड्रिक व्हान पाशन याची. त्याच्यामागून मेखेलनचा आंतोनिस व्हान ओबरगेन आला. त्यानेच पुढे ग्दान्स्क शहरात जाऊन तिथले मोठे शस्त्रागार बांधले. त्याच्या हाताखाली अँटवर्पकडचा हान्स व्हान स्टीनविंकेल होता. १५७७ साली वास्तूला क्रोनबोर्ग हे नाव मिळाले आणि १५८५ पर्यंत काम पुरे झाले. मूळ बेत विटांचा होता. मध्येच राजाने साऱ्या भिंती वालुकाश्माने मढवायचा आणि छपरांवर तांबे घालायचा निर्णय घेतला. ज्याला दर जहाजामागे पैसा मिळतो त्यालाच असे बेत मध्येच बदलणे परवडते.

प्रबोधनकाळातला राजवाडा म्हटला की इटलीतल्या बागा आणि कमानी डोळ्यांसमोर येतात. उत्तरेत त्याचे रूप निराळे झाले. क्रोनबोर्गला दोन अंगे आहेत. बाहेरून बुरूज ठेंगणे, जाड आणि कोनदार आहेत, कारण तोफेच्या गोळ्यापुढे उंच भिंत टिकत नाही. हे बुरूज ओलांडून आत गेले की चार बाजूंनी बांधलेला प्रशस्त चौक, मोठमोठ्या खिडक्या, कोरीव दारे आणि वर निमुळते होत गेलेले मनोरे. चौकात न्यूरेंबर्गच्या गेओर्ग लाबेनवोल्फने ओतलेले नेपच्यूनचे कारंजे होते. वरच्या मजल्यावरचा नृत्यमहाल ६२ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद, त्या काळी उत्तर युरोपातला सर्वांत मोठा. लढाईची तयारी आणि वैभवाचे प्रदर्शन एकाच अंगणात मांडलेले दिसते आणि त्यात विसंगती काही नाही. जकात भरायला थांबलेल्या प्रत्येक कप्तानाने या दोन्ही गोष्टी पाहाव्यात आणि आपल्या बंदरात जाऊन सांगाव्यात, हाच राजाचा हेतू असावा.

नृत्यमहालासाठी राजाने जे करवून घेतले त्याला या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिले आहे. अँटवर्पच्या हान्स क्निपरने हेल्सिंगॉरमध्येच माग बसवून लोकर आणि रेशमाचे भव्य चित्रपडदे विणवले. चाळीस पडद्यांवर डेन्मार्कच्या १११ राजांची पूर्णाकृती चित्रे होती. त्यांतले कित्येक राजे केवळ दंतकथेतले. साक्सो ग्रामाटिकुस या इतिहासकाराने १२०० च्या सुमारास लिहिलेल्या लॅटिन ग्रंथातून उचललेले. वंशावळ जितकी लांब तितकी गादी पक्की, हा हिशेब तिथेही चालत होता. शेवटच्या पडद्यावर खुद्द फ्रेडरिक आणि बाजूला त्याचा लहानगा मुलगा ख्रिस्तियन. डेन्मार्कच्या राजांची ही मिरवणूक फ्लेमिश हातांनी विणली आणि तिच्यावरच्या ओळी जर्मन भाषेत होत्या. आज पंधराएक पडदे उरले आहेत. सात किल्ल्यावर, बाकीचे कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात. त्यांच्यापुढे उभे राहिले की राजांचे चेहरे फारसे लक्षात राहत नाहीत. लक्ष जाते ते मागच्या किल्ल्यांकडे, पायाशी फिरणाऱ्या प्राण्यांकडे आणि पानाफुलांकडे, कारण विणकराला तिथे मोकळीक होती.

साक्सोच्या त्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे. आम्लेथ नावाच्या राजपुत्राच्या बापाला चुलत्याने मारले आणि आईशी लग्न केले. राजपुत्राने वेडाचे सोंग घेऊन सूड उगवला. ही गोष्ट जटलंडची, म्हणजे डेन्मार्कच्या दुसऱ्या बाजूची. तिचा हेल्सिंगॉरशी काही संबंध नाही. फ्रान्समध्ये बेलफोरे या लेखकाने १५७० साली ती फ्रेंचमध्ये सांगितली आणि ती इंग्लंडला पोचली. मग शेक्सपिअरने तिला ओरेसुंडच्या काठावर का आणले? तो स्वतः इथे आल्याचा काहीही पुरावा नाही. पण त्याच्या ओळखीची माणसे आली होती. १५८६ साली विल केम्प, जॉर्ज ब्रायन आणि टॉमस पोप हे इंग्रज नट फ्रेडरिकच्या पदरी होते. पुढे १५९४ च्या सुमारास हे तिघेही त्याच नाटकमंडळीत होते, जिच्यासाठी शेक्सपिअर लिहीत होता. राजाने पेला ओठाला लावला की तोफांची सलामी झडावी, ही डॅनिश दरबाराची चाल इंग्लंडमध्ये चर्चेचा विषय होती, आणि नाटकातला राजा नेमके तेच करतो. रोझेनक्रान्ट्स आणि गिल्डेनस्टेर्न ही नावेही डेन्मार्कच्या खऱ्या सरदार घराण्यांची. जहाजे आणि नट यांच्या तोंडून गेलेल्या बातम्यांवर शेक्सपिअरचे एल्सिनोर उभे राहिले, असे म्हणायला भरपूर जागा आहे.

त्या पंचवीसएक वर्षांत इथे आणखी कोण कोण येऊन गेले हे पाहिले की सामुद्रधुनीच्या काठावरचा हा दरबार किती गजबजलेला होता याची कल्पना येते. १५७६ साली फ्रेडरिकने याच सामुद्रधुनीतले व्हेन बेट टिको ब्राहे या ज्योतिर्विदाला दिले आणि तिथे युरानिबोर्ग ही वेधशाळा झाली. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स फ्रेडरिकची मुलगी ॲन हिच्याशी लग्न करून १५९० चा हिवाळा क्रोनबोर्गवर राहिला आणि मार्चमध्ये बेटावर जाऊन टिकोला भेटला. फ्रेडरिकचा मुलगा ख्रिस्तियन चौथा याच्या पदरी १५९८ पासून काही वर्षे जॉन डाउलंड हा इंग्रज ल्यूटवादक होता; १६०० साली छापलेल्या आपल्या गीतसंग्रहाच्या अर्पणपत्रिकेखाली त्याने ठिकाण लिहिले ते हेल्सिंगॉर.

किल्ल्याचे वैभव फार काळ टिकले नाही. १६२९ साली दुरुस्तीच्या कामावरच्या माणसांच्या हलगर्जीने आग लागली आणि एका रात्रीत आतले सारे खाक झाले. दगडी कमानींच्या छताखालचे प्रार्थनामंदिर तेवढे वाचले. १५८२ च्या सुमाराचे त्याचे कोरीव लाकूडकाम आजही मूळ रूपात पाहता येते. ख्रिस्तियन चौथा तेव्हा तीस वर्षांच्या युद्धात हात पोळून बसला होता आणि तिजोरी रिकामी होती. त्याने जकात वाढवली आणि त्या पैशांतून १६३० च्या दशकात किल्ला पुन्हा उभा केला. हे काम पाहणारा हान्स व्हान स्टीनविंकेल धाकटा हा त्या जुन्या अँटवर्पकर स्टीनविंकेलचा मुलगा, कोपनहेगनमध्ये जन्मलेला. बापाने परदेशी म्हणून जे उभारायला हातभार लावला ते मुलाने घरचे म्हणून दुरुस्त केले. पुस्तकाच्या मूळ विधानाला याहून चांगला दाखला मला सापडलेला नाही.

१६५८ साली स्वीडिश सेनापती कार्ल गुस्ताफ व्रांगेल याने वेढा घालून किल्ला घेतला. सुटे करून नेण्याजोगे होते ते गेले. चौकातले कारंजे गेले. क्निपरने विणलेली सिंहासनावरची छत्री गेली. ती आज स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दोन वर्षांनी किल्ला परत मिळाला, पण सामुद्रधुनीचा पूर्वेचा काठ कायमचा स्वीडनकडे गेला. त्यानंतर क्रोनबोर्गचे राजवाडापण ओसरत गेले आणि तटबंदी वाढत गेली. १७७२ साली तो तुरुंगही झाला. वेडसर ख्रिस्तियन सातव्याची राणी, इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची बहीण कॅरोलाइन मटिल्डा, हिला राजवैद्य स्ट्रुएनसे याच्याशी असलेल्या संबंधांवरून जानेवारीत इथे आणून ठेवले. स्ट्रुएनसेचा एप्रिलमध्ये शिरच्छेद झाला. तिला मे महिन्यात जहाजाने जर्मनीतल्या सेलेकडे पाठवले. तिथे ती तेविसाव्या वर्षी वारली. १७८५ पासून १९२२ पर्यंत किल्ल्यात लष्करी छावणी होती. दालने मजल्यामजल्यांनी तोडून बराकी केल्या गेल्या. आज आपल्याला दिसते ती मोकळी, उंच दालने १९२४ नंतरच्या जीर्णोद्धाराने परत मिळालेली आहेत. मूळ आणि जीर्णोद्धारित यांतला फरक पुस्तकात जागोजागी सांगितला आहे, कारण जुन्या वास्तूंविषयी लिहिताना ही सीमारेषा पुसून टाकण्याचा मोह फार असतो.

जकातही संपली. एकोणिसाव्या शतकात व्यापारी राष्ट्रांना वाटेत थांबणे जाचू लागले, अमेरिकेने तर पैसे द्यायला नकार देण्याचा पवित्रा घेतला. १८५७ साली कोपनहेगनमध्ये करार झाला, डेन्मार्कला एकरकमी भरपाई मिळाली आणि सामुद्रधुनी खुली झाली. किल्ल्याचे मूळ कारणच उरले नाही. पण तोवर त्याला दुसरे उत्पन्न सुरू झाले होते. १८१६ साली, शेक्सपिअरच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली त्या निमित्ताने, छावणीतल्या सैनिकांनी किल्ल्यातच 'हॅम्लेट' केले. १९३७ साली लंडनच्या ओल्ड व्हिक मंडळीबरोबर लॉरेन्स ऑलिव्हिए आणि व्हिव्हियन ली आले. चौकात प्रयोग ठरला होता, पाऊस कोसळला, आणि नाटक ऐनवेळी गावातल्या मारिएनलिस्ट हॉटेलच्या दिवाणखान्यात हलवावे लागले. १९३८ साली जर्मन नट ग्रुंडगेन्स आला, १९३९ साली गिलगुड. तेव्हापासून दरेक देशाचा हॅम्लेट इथे येऊन गेला आहे. पूर्वी जहाजे थांबवावी लागत. आता लोक आपणहून थांबतात आणि तिकीट काढतात.

तळघरांतल्या होल्गर डान्स्केबद्दल दोन शब्द. दगडी आसनावर ढाल-तलवार घेऊन झोपलेला हा वीर डेन्मार्कवर संकट आले की जागा होणार अशी समजूत आहे. हान्स क्रिस्टियन अँडरसनने १८४५ साली त्याची गोष्ट लिहिली. १९०७ साली पेडरसेन-डान या शिल्पकाराने घडवलेल्या मूर्तीचा प्लास्टरचा नमुना इथे आला, दमट हवेत तो खराब होत गेला आणि १९८५ साली त्याच्या जागी काँक्रीटची मूर्ती बसवली गेली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या एका भूमिगत गटाने त्याचेच नाव घेतले. इतका हाडाचा डॅनिश मानला गेलेला हा वीर मुळात ओजिए, शार्लमेनच्या सरदारांच्या जुन्या फ्रेंच वीरकाव्यांतला. फ्रेंच कवींनी त्याला 'डेन' म्हटले आणि डेन्मार्कने त्याला घरी आणले. हे सांगितल्याने होल्गर लहान होत नाही. एखादा परका माणूस आपल्या संकटाच्या वेळी उपयोगी पडला की तो परका राहत नाही, एवढेच यातून दिसते.

मराठीत हे पुस्तक कशाला, असे कुणी विचारील. या किल्ल्यासमोरून भारताची वाटही जात होती. ख्रिस्तियन चौथ्याने पाठवलेली पहिली डॅनिश जहाजे १६१८ साली कोपनहेगनहून याच सामुद्रधुनीतून निघाली. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार होऊन तरंगंबाडी येथे डान्सबोर्ग हा किल्ला झाला. पुढे एकोजी भोसल्यांनी तंजावर घेतल्यावर या डॅनिश ठाण्याचा शेजारी मराठी दरबार झाला. सरफोजी राजांचा गुरू श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी १७५० साली तरंगंबाडीलाच आला होता. बंगालमधले सेरामपूर हेही डॅनिशांचे. इंग्रज कंपनी मिशनऱ्यांना आपल्या मुलखात थारा देत नव्हती, तेव्हा १८०० साली केरी हा मिशनरी आणि त्याचे सहकारी डॅनिश झेंड्याखाली तिथे राहिले, आणि १८०५ साली केरीचे मराठी व्याकरण सेरामपूरला छापले गेले. मराठी छपाईच्या सुरुवातीच्या पानांना डॅनिश राजाचा आश्रय होता, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

दुसरा धागा अर्थातच हॅम्लेटचा. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात होते. तिथे आगरकरांनी 'हॅम्लेट'चे भाषांतर हाती घेतले आणि ते 'विकारविलसित' या नावाने १८८३ साली प्रसिद्ध झाले. डेन्मार्क हा आपल्याला तुरुंग वाटतो असे म्हणणाऱ्या राजपुत्राचे बोल तुरुंगात बसून मराठीत आणणाऱ्या आगरकरांच्या मनात काय आले असेल याची कल्पना वाचकानेच करावी. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी साकारलेला चंद्रसेन, म्हणजे मराठी हॅम्लेट, महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांनी डोक्यावर घेतला. अगदी २०१८ साली नाना जोगांच्या भाषांतरावरचा प्रयोग चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली, सुमीत राघवन यांच्या मुख्य भूमिकेत, पुन्हा रंगभूमीवर आला. एल्सिनोरच्या तटाची कल्पना आपल्या आजोबा-पणजोबांनी केलेली आहे. त्या तटाचा खरा इतिहास मात्र मराठीत आलेला नाही.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात सामुद्रधुनी आणि जकात, दुसऱ्यात बांधकाम आणि चित्रपडदे, तिसऱ्यात नट, नाटक आणि दरबार, चौथ्यात आग, लूट, कैद आणि छावणी, आणि पाचव्यात आजचा किल्ला. या शेवटच्या भागात एका नव्या वास्तूचाही विचार केला आहे. किल्ल्याशेजारचा जहाजबांधणीचा कारखाना बंद पडल्यावर त्याच्या कोरड्या गोदीत २०१३ साली डेन्मार्कचे सागरी संग्रहालय उघडले. क्रोनबोर्गचे दृश्य झाकू नये म्हणून ते सारे जमिनीच्या खाली बांधलेले आहे. जुन्याचा मान राखून नवे कसे करावे याचे हे ठळक उदाहरण आहे आणि आपल्याकडे किल्ल्यांच्या पायथ्याशी काय काय उभे राहते ते पाहता त्यावर थोडे रेंगाळणे मला गरजेचे वाटले.

एक आक्षेप येईल हे जाणून आहे. सगळेच बाहेरून आले म्हटले तर डेन्मार्कचे स्वतःचे काय उरले? उरले ते निवडणे आणि राखणे. अनेक राजांना पैसा मिळाला. त्यातून विणकरांना गावात वसवणारा, ज्योतिर्विदाला बेट देणारा, नटांना पदरी ठेवणारा राजा विरळा. आगीनंतर रिकाम्या तिजोरीने किल्ला पुन्हा बांधणे, जकात संपल्यावरही तिच्या वह्या जपणे, बराकींच्या भिंती पाडून दालने मोकळी करणे, हे सारे इथल्याच माणसांनी केले. आलेले कुणाचे होते याची नोंद ठेवूनही ते आपले म्हणता येते, हे क्रोनबोर्गकडून शिकण्यासारखे आहे. आज वारशाच्या नावाने जी भांडणे होतात ती बहुतेक ही नोंद खोडून टाकण्याची असतात.

हॅम्लेटच्या ओढीने हे पुस्तक हाती घेतलेल्या वाचकाने सरळ तिसरा भाग उघडला तरी माझी हरकत नाही. तो संपल्यावर मात्र त्याने जकातीच्या प्रकरणाकडे यावे. केम्प आणि त्याचे सोबती हेल्सिंगॉरला पोटासाठी आले होते, आणि त्यांचा पगार ज्या तिजोरीतून निघत होता ती भरत होती समोर नांगर टाकून वैतागलेल्या कप्तानांच्या पैशांनी. त्या कप्तानांची नावे वह्यांत आहेत, त्यांतली काही या पुस्तकातही आली आहेत. किल्ल्याच्या श्रेयनामावलीत राजांच्या आणि नाटककाराच्या बरोबरीने त्यांनाही जागा मिळावी, एवढा या लेखनाचा आग्रह आहे.